बिनक्लचची पिकअप

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते पाथर्डी फाट्याजवळच्या एका गॅरेजच्या मिस्त्रींचे. आईवडिलांचं मी यात धरत नाही. त्यांचं कुणाकडूनच फिटत नाही. पण ज्यांचा माझ्याशी काही संबंध नव्हता, ज्यांनी मला दारातून परत पाठवलं असतं तरी कुणी नावं ठेवली नसती, अशा माणसांत पहिले मिस्त्री. ते सिन्नरकडचे, चौथीपर्यंत शिकलेले. मी इगतपुरीचा, बी.एस्सी. झालेला, आणि आमच्या घरात कॉलेजात पाऊल टाकलेला पहिला.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. पदवी हातात घेऊन मी ओझरपासून सातपूरपर्यंत बऱ्याच कारखान्यांच्या फाटकांवर अर्ज दिले होते. सगळीकडे एकच प्रश्न विचारत, अनुभव काय? अनुभव काहीच नव्हता. भौतिकशास्त्रात मार्क चांगले होते आणि मराठी शाळेत पाठ केलेल्या इंग्रजी शब्दांचा साठा होता, एवढीच माझी पुंजी. एकदा अशाच एका फाटकावरून परत येताना फाट्यावर बसची वाट बघत मी गॅरेजच्या बाकावर टेकलो. आत मिस्त्रींचं आणि एका गिऱ्हाइकाचं जुंपलं होतं. मागच्या खेपेला गाडीत कोणतं सील बदललं, हे दोघांनाही आठवत नव्हतं आणि दोघंही शपथेवर सांगत होते. गिऱ्हाईक गेल्यावर मी न राहवून म्हणालो, लिहून का ठेवत नाही? मिस्त्रींनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, लिहिणार कोण?

दुसऱ्या दिवसापासून मी तिथे लिहिणारा झालो. गाडी आली की मालकाची तक्रार कार्डावर उतरवायची, काम झालं की काय केलं ते लिहायचं आणि कार्ड भिंतीवरच्या तारेला टोचून ठेवायचं. उरलेल्या वेळात जो बोलावेल त्याच्या हाताखाली उभं राहायचं. महिनाभरात माझं नाव 'डिग्री' पडलं. ते ठेवलं थोरल्या फिटरने. मिस्त्रींच्या खालोखाल त्याचा मान होता आणि माझी फिरकी घेतल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे. मी नट उलटा फिरवला की तो शांतपणे विचारायचा, "डिग्री, तुमच्या विद्यापीठात नट डावीकडं आवळतात का?" सगळे हसत. मीही हसायचो. मिस्त्रीही मला डिग्रीच म्हणत, पण त्यांच्या तोंडी ते नाव टोचत नसे.

मिस्त्रींचे काही नियम होते आणि त्यांत पहिला होता तेलाचा. तेल बघायचं ते सकाळी. गाडी रात्रभर उभी राहिलेली पाहिजे, जागा सपाट पाहिजे, इंजिन थंड आणि बंद पाहिजे. चालू इंजिनाची तेलपट्टी, म्हणजे तेल किती ते दाखवणारी खुणांची पट्टी, कुणी ओढली, की मिस्त्रींच्या खांद्यावरचं फडकं त्याच्या अंगावर येऊन पडायचं. म्हणायचे, "पळत्या माणसाची नाडी बघतात का रे?" हा नियम आम्ही सगळे शाळेतल्या प्रार्थनेसारखा पाळायचो.

आता पिकअपकडे येतो.

ती डायव्हरकाकांची होती. ते आमच्याच बाजूचे. घाटात पाण्याच्या एका प्रकल्पाचं काम चालू होतं, तिथे परदेशी ठेकेदाराकडे त्यांनी बरीच वर्षं गाडी चालवली होती. बोगद्याच्या तोंडाशी एक दरड त्यांच्या डाव्या पायावर आली. पाय वाचला, पण गुडघ्यात वाकत नव्हता आणि पावलात जोर राहिला नव्हता. क्लच दाबता येत नाही म्हणजे डायव्हर म्हणून माणूस संपला, असं सगळे धरून चालले होते. त्यांच्या साहेबाने तसं धरलं नाही. काम संपून गाड्यांचा लिलाव झाला, तेव्हा ताफ्यातली एकुलती एक बिनक्लचची गाडी काकांनाच मिळेल, असं त्या गोऱ्या माणसाने बघितलं. जुनी पांढरी जपानी पिकअप. तिचे गिअर ती स्वतः बदलायची. खाली फक्त दोन पेडल, आणि दोन्ही उजव्या पायाने चालवायची. काका डावा पाय काठीसारखा सरळ ठेवून बसत आणि घोटीकडच्या गावांतलं दूध कॅनमध्ये भरून रोज सकाळी नाशिकला पोचवत. येताना आमच्या घरून माझा डबाही आणत. आमच्या गॅरेजात तेव्हा अशी दुसरी गाडी कुणी पाहिली नव्हती. ती पहिल्यांदा आली, त्या दिवशी शेजारच्या टायरवाल्यापासून पानवाल्यापर्यंत सगळे खिडकीतून आत डोकावून क्लच शोधून गेले.

थंडी सुरू झाली आणि काकांनी गाडी सर्व्हिसिंगला टाकली. रात्री ठेवून गेले. सकाळी लवकर मिस्त्री आणि मी दोघंच होतो. मिस्त्रींनी इंजिनाचं तेल बघितलं, मग त्यांना मागच्या बाजूला आणखी एक पट्टी सापडली. गिअरबॉक्सला तेलपट्टी असते हेच त्यांना नवीन होतं. आमच्या माहितीतल्या गिअरबॉक्सला बाजूला एक भोक असतं, त्यातून तेल बाहेर यायला लागलं की भरलं असं समजायचं. त्यांनी पट्टी पुसली, आत घातली, परत काढली. तेल वरच्या खुणेच्या चांगलं दोन बोटं वर होतं.

मिस्त्रींना ते पटेना. पट्टीवर बारीक अक्षरं कोरलेली होती. त्यांनी ती माझ्यापुढे धरली. "वाच रे डिग्री, काय म्हणतीये?"

अक्षरांत काळं ग्रीस बसलं होतं. मी नखाने खरवडून वाचलं. पहिला शब्द 'चेक', मग ग्रीसचा एक गोळा, आणि शेवटी 'ॲट आयडल'. आयडल हा शब्द मला पक्का पाठ होता. आयडल म्हणजे आळशी, रिकामा, काही काम न करणारा. सातवीत बाईंनी वहीत पाच वेळा लिहून घेतला होता. मी छाती पुढे काढून सांगितलं, गाडी रिकामी उभी असताना तपासा, असं लिहिलंय.

मिस्त्री खूश झाले. म्हणजे परदेशी माणूसही आपलाच नियम पाळतो. आणि त्याच्याच नियमाने बघितलं तर तेल जास्त होतं. थोरला फिटर आल्यावर त्यांनी त्याला सांगितलं, तेल खुणेपर्यंत उतरव. त्याने गाडीखाली शिरून सुमारे दोन लिटर लालभडक तेल काढलं. मी कार्डावर माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: गिअरचे तेल जास्त होते, दोन लिटर कमी केले.

तीन आठवड्यांनी काका आले, ते रिकामे कॅन खडखडवत, आणि चेहरा उतरलेला. मी कार्ड घेऊन पुढे झालो. त्यांनी सांगितलं ते असं. आधी नुसतं वळणावर एखादा झटका बसायचा. मग चढाला गाडी दम टाकायला लागली. ॲक्सिलेटर दाबला की इंजिन ओरडतं, गाडी मात्र जागची हलत नाही. थोडा वेळ उभी केली की परत चालते. आज विल्होळीच्या आधीच्या चढाला भरल्या कॅनांनिशी तीनदा थांबावं लागलं. दूध उशिरा पोचलं आणि डेअरीवाल्याने उद्यापासून दुसऱ्याला सांगू का, असं विचारलं.

थोरल्या फिटरने गाडी आवारात दोन फेऱ्या मारून बघितली. उतरला आणि हात पुसत निकाल दिला. आतल्या प्लेटा गेल्या. क्लच पायात नसला तरी पोटात असतोच, तो घसरतोय. असल्या गिअरबॉक्सचे सुटे भाग नाशकात काय, मुंबईतही शोधावे लागतील. त्याच्याकडे उपाय तयार होता आणि त्या काळी कुठल्याही गॅरेजात तोच सांगितला असता: हा गिअरबॉक्स काढून टाकायचा, जीपचा साधा गिअरबॉक्स बसवायचा, खाली क्लचचं पेडल लावायचं. गाडी घोड्यासारखी पळेल.

काका बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. फिटरला वाटलं त्यांना काम कळलं नाही, म्हणून तो परत समजावून सांगू लागला, तेव्हा काका हळूच म्हणाले, "भाऊ, मला क्लच दाबता आला आसता तर ही गाडी मी घेतलीच कशाला आसती?"

मग फिटरच्या लक्षात आलं. तो मनाने वाईट नव्हता. जरा थांबून म्हणाला, "मग डायव्हर ठेवा की एक."

"मी कोण हाय मंग?" काका म्हणाले.

बरी झालेली गाडी सगळ्यांच्या कामाची होणार होती, फक्त तिच्या मालकाच्या नाही. मिस्त्रींनी सांगितलं, उद्या सकाळी गिअरबॉक्स उतरवू, आत बघू, मग ठरवू. काका गाडी ठेवून बसने जायला निघाले. फाट्यापर्यंत मी त्यांच्याबरोबर गेलो. ते पाय ओढत चालत होते. मी त्यांना एवढंसुद्धा पायी चालताना तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. ते स्टिअरिंगवर बसले की लंगडे वाटतच नसत.

परत आल्यावर मी पिकअपपाशी गेलो. मला गाड्यांचं फार कळत नव्हतं, पण प्रयोगशाळेत एक गोष्ट शिकलो होतो: निष्कर्ष काढायच्या आधी जे आहे ते नीट बघायचं. मी गिअरबॉक्सची पट्टी ओढली आणि तिच्या टोकाचं तेल एका कोऱ्या कार्डाच्या पाठीवर टिपलं. प्लेटा जळाल्या की करपट वास येतो, हे मला जीपच्या कामांवरून माहीत झालं होतं. त्या दिवशी सगळ्या गॅरेजात तो वास भरतो. इथे तो नव्हता. कागदावरचा डाग लाल होता, किंचित तपकिरी, पण लाल. काळी भुकटी नव्हती. डाग मी उन्हात धरला, वास घेतला, परत धरला. मला वाटायला लागलं की आत काही जळालेलं नाही. तेल पुरेसं पोचत नसेल तरी गाडी अशीच घसरेल. पण तेल तर खुणेवर होतं, आम्हीच आणून ठेवलेलं.

मग मी पट्टी पेट्रोलने धुतली. का धुतली, हे मला आजही सांगता येणार नाही. माझं डोकं चालेनासं झालं की मी काहीतरी स्वच्छ करायला घेतो, अशी माझी सवय आहे. ग्रीसचा तो गोळा निघाला आणि मधला शब्द दिसला. 'हॉट'. चेक हॉट ॲट आयडल.

मी खाली बसलो. रात्रभर रिकामी उभी असलेली गाडी गरम कशी असेल? जी गरम आहे ती नुकतीच चाललेली आहे, आणि जी रिकामी उभी आहे ती थंड आहे. दोन्ही एकदम लिहिणारा माणूस एक तर वेडा असला पाहिजे, नाही तर दोहोंपैकी एका शब्दाचा अर्थ मला माहीत नाही. गरमचा अर्थ चुकण्यासारखा नव्हता.

मिस्त्रींकडे दोन तास मागितले. त्यांनी कशाला ते विचारलं नाही, नुसती सायकलची किल्ली काढून दिली. मी शहरातल्या वाचनालयात गेलो. संदर्भ विभागात इंग्रजी-मराठीचा जाड कोश साखळीने बांधलेला असायचा. आयडल. पहिला अर्थ आळशी. दुसरा निरुद्योगी. तिसरा निष्फळ. आणि सगळ्यांत खाली, बारीक टाइपात, यंत्रासंबंधी: चालू असून काही काम न करणारे.

चालू असून.

आमच्या गॅरेजात याला 'स्लो' म्हणत. स्लो वाढव, स्लो कमी कर, गाडी स्लोवर ठेव. दिवसातून पन्नासदा तो शब्द कानावर पडायचा. आयडल असं कुणी म्हणालंच नव्हतं. ज्या गोष्टीचं गॅरेजातलं नाव मला माहीत होतं आणि शाळेतलंही, त्या दोन नावांची एकमेकांशी ओळखच नव्हती. पहिल्यांदा आनंद झाला. कोश मिटता मिटता तो आनंद गळून पडला, कारण दोन लिटर तेल माझ्या शब्दावर काढलं होतं.

सायकल मारत परत आलो तर काका अजून फाट्यावरच बसले होते. दोन बस गेल्या होत्या, त्यांचं उठायचं मनच झालं नव्हतं. मी धापा टाकत त्यांना एवढंच विचारलं, प्रकल्पावरचा मेकॅनिक या गाडीचं तेल कसं बघायचा? ते आठवून हसले. म्हणाले, "त्यो गोरा लय आळशी. इंजिन बंद करायचा बी कंटाळा. चालू गाडीतच पट्टी वढायचा. मी म्हनायचो, ह्याला आपल्या मिस्त्रीकडं धाडला पायजे."

मी त्यांना तसंच सायकलच्या मागच्या सीटवर बसवून गॅरेजात आणलं.

मिस्त्रींना मी बाजूला, ऑईलच्या पिंपांमागे बोलावलं. सगळं सांगितलं. शब्दाचा अर्थ मी चुकवला, तेल जास्त नव्हतंच, आपण काढलेलं तेलच कमी पडतंय. मग खाली मान घालून मी सुचवलं की कुणाला न सांगता तेल परत भरू आणि गळती होती म्हणून सांगू. मला माझी लाज वाटत होती, पण त्याहून जास्त त्यांची काळजी वाटत होती. त्या रस्त्यावरची अर्धी गिऱ्हाइकं त्यांच्या शब्दावर गाडी ठेवून जात.

मिस्त्रींनी ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला. "आधी बघू तर खरं," म्हणाले, आणि बाहेर गेले.

त्यांनी स्वतः गाडी चालू केली. ब्रेकवर पाय ठेवून गिअरची दांडी प्रत्येक खुणेवरून एकदा फिरवली, कारण काकांनी सांगितलं की तो गोरा मेकॅनिक तसं करायचा, आणि परत पार्किंगच्या खुणेवर आणली. वीस मिनिटं गाडी तशीच गुरगुरत ठेवली. गॅरेजातली कामं थांबली होती. चालू इंजिनावर वाकलेले मिस्त्री ही तिथे न दिसणारी गोष्ट होती. त्यांनी पट्टी ओढली, पुसली, आत घातली, परत ओढली.

पट्टी कोरडी होती. खालची खूणसुद्धा ओली झाली नव्हती.

त्यांनी पट्टी वर धरून सगळ्यांना दाखवली. काका समोर उभे होते, थोरला फिटर हात पुसायचा विसरला होता. मिस्त्री रोजच्याच आवाजात म्हणाले, "या गाडीला काही झालेलं नव्हतं, हे डिग्रीने शोधून काढलं. तेल बघायची पद्धत माझी चुकली. दोन लिटर काढायला मी लावलं. काका, तुमची गाडी मी बिघडवली होती, आता मीच नीट करतो."

मी तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "डिग्री, लाल तेल घेऊन ये. पॉवर स्टिअरिंगला घालतात ते. नवीन आण, काढलेलं नको." माझं बोलणं त्यांनी असं कामाला लावून संपवलं. पट्टी वाचून दाखवली ते त्यांच्या आणि माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. त्या दिवशी नाही आणि नंतरही त्यांनी ते कधी कुणाला कळू दिलं नाही.

तेल पट्टीच्याच नळीतून घालावं लागतं. आमचं नरसाळं त्यात मावेना. थोरल्या फिटरने स्वतःहून एक बारीक रबरी नळी कापून नरसाळ्याला जोडली आणि धरून उभा राहिला. इंजिन चालूच. मी थोडं थोडं ओतत होतो, मिस्त्री दर खेपेला पट्टी बघत होते. एक लिटर झाल्यावर टोक ओलं झालं. दीड लिटरला खालची खूण. दोन लिटरला थोडं कमी असताना तेल दोन खुणांच्या मधोमध आलं आणि मिस्त्रींनी हात वर केला. इंजिनाच्या आवाजात एक बारीक घोगरेपणा होता, तो केव्हा गेला ते आम्हाला कळलंच नाही.

काकांना वाटलं आता एक फेरी मारायची आणि घरी जायचं. मिस्त्री म्हणाले, रिकाम्या गाडीचं काय कौतुक, भरलेली बघू. सगळे कॅन नळाखाली लावून काठोकाठ पाण्याने भरले आणि मागे चढवले. थोरला फिटर कॅनांत उभा राहिला. पुढे काका स्टिअरिंगवर, मिस्त्री खिडकीशी आणि मधे मी, गुडघे पोटाशी घेऊन.

मुंबईच्या दिशेने निघालो. पांडवलेणी गेली. काका कान देऊन चालवत होते. गाडीने पहिला गिअर बदलला, मग दुसरा, कुणी आपल्याला अलगद पुढे सरकवावं तसा. विल्होळी मागे पडली, चढाच्या पायथ्याशी उतरून काकांनी गाडी नाशिककडे वळवली आणि रोजचा चढ समोर आला. सकाळी जिथे ते पहिल्यांदा थांबले होते ते झाड त्यांनी हनुवटीने दाखवलं. माझी नजर ॲक्सिलेटरवरच्या त्यांच्या पायावर होती. त्यांनी दाबला. इंजिनाचा आवाज वाढला, आणि त्याबरोबर, मधे कणभर जागा न सोडता, गाडी वर निघाली. झाड गेलं. दुसरी जागा गेली. एक मालट्रक चढाला खालच्या गिअरमध्ये कण्हत चालला होता. काकांनी हॉर्न दिला, बाहेर घेतली आणि भरल्या कॅनांनिशी त्याच्या बाजूने पुढे काढली. मागून फिटरचा आवाज आला, पाणी सांडतंय, सावकाश. त्याची पँट पार भिजली होती.

चढाच्या माथ्यावर काकांनी गाडी कडेला घेतली. मग माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "उद्या डबा मीच आणतो." मिस्त्री खिडकीबाहेर तोंड करून बसले होते. ते उतरले, त्यांनी बॉनेट उघडून तापल्या, चालू गाडीच्या गिअरबॉक्सची पट्टी एकदा परत ओढून बघितली आणि फिटरला म्हणाले की हे बघून ठेव, आपल्या नियमाला एक अपवाद सापडला.

परतताना मोकळ्या माळावर आम्ही कॅन उपडे केले. रिकामी गाडी उताराला इतकी हलकी पळत होती की काका गाणं गुणगुणायला लागले. चाल मला ओळखू आली नाही, शब्द तर नव्हतेच. आयुष्यात मला नंतर थोडंफार यश मिळालं, सत्कारही झाले, पण एका सीटवर तिघांनी चेंगरून केलेल्या त्या सात-आठ मैलांची सर कशालाच आली नाही.

दुसऱ्या दिवशी दूध वेळेवर पोचलं. डेअरीवाल्याचा दुसरा माणूस राहिला तिथेच राहिला. काका पुढे बरीच वर्षं ती गाडी चालवत होते. थोरला फिटर मला डिग्रीच म्हणत राहिला, फक्त आता गिऱ्हाइकांना सांगायचा, आमच्या डिग्रीला विचारा. मिस्त्रींनी मला हळूहळू लिहिण्यातून काढून हत्यारांकडे वळवलं. जिथे जिथे त्यांची ओळख होती तिथे त्यांनी माझी शिफारस केली. त्यांतल्या एका ओळखीतून मला पुण्यात एका वाहन कंपनीच्या प्रशिक्षण विभागात जागा मिळाली. मुलाखतीत पुन्हा तोच प्रश्न आला, अनुभव काय? या वेळी मी पिकअपची हकीकत सांगितली. मला तिथे ऑटोमॅटिक, म्हणजे बिनक्लचच्या, गाड्यांच्या कामावर घेतलं. तोवर त्या आपल्याकडे दिसू लागल्या होत्या.

काही वर्षं गेली. एक दिवस मिस्त्रींचा फोन आला. त्यांच्याकडे दोन आठवड्यांत दुसरी बिनक्लचची गाडी आली होती, नवी पोरं गोंधळली होती. मी फोनवर सांगायला लागलो तर मला थांबवून म्हणाले, "असं नको. तू मराठीत कागद लिहून पाठव. मी वाचून दाखवीन आणि भिंतीला लावीन." त्याच रात्री बसून मी पत्र लिहिलं आणि सकाळी पेटीत टाकलं. त्याची नक्कल माझ्याकडे आहे, ती अशी:

मिस्त्री,

नमस्कार. तुम्ही सांगितलंत त्याप्रमाणे लिहीत आहे. अक्षर मोठं काढलं आहे, म्हणजे तुम्हाला दिव्याखाली जावं लागणार नाही.

बिनक्लचच्या गाडीचं गिअरचं तेल सकाळी थंड गाडीवर बघू नये. गाडी आधी सात-आठ किलोमीटर फिरवून आणावी. सपाट जागेवर उभी करावी, हँडब्रेक ओढावा. इंजिन बंद करू नये. ब्रेक दाबून गिअरची दांडी प्रत्येक खुणेवर दोन-दोन सेकंद थांबवत फिरवावी आणि शेवटी पार्किंगच्या खुणेवर आणावी. मग इंजिन स्लोवर चालू असतानाच पट्टी ओढावी, दशी न सुटणाऱ्या कापडाने पुसावी, परत घालून ओढावी. तेल दोन खुणांच्या मधे असेल तर ठीक. कमी असेल तर पाव-पाव लिटर घालून दर वेळी बघावं. इंजिन बंद केल्यावर आतल्या भागांतलं तेल खाली उतरतं, म्हणून पट्टी खोटी भरलेली दाखवते. ती भरलेली दिसली म्हणून तेल काढू नये. काही नव्या गाड्यांना पट्टीच नसते. तशी आली तर हात लावण्याआधी मला फोन करा.

गाडी घसरते अशी तक्रार आली तर गिअरबॉक्स उतरवण्याआधी तेलाचा एक थेंब पांढऱ्या कागदावर टिपून बघा. लाल असेल आणि करपट वास नसेल तर बहुतेक वेळा गाडी वाचते. काळं आणि करपट असेल तर मालकाला खोटी आशा लावू नका.

पट्टीवरचं इंग्रजी पोरांनी पूर्ण पुसून, पूर्ण वाचावं. अर्धं वाचून अर्थ सांगू नये. हे मी का लिहितो ते तुम्हाला माहीत आहे, पण त्यांना माहीत नाही. काकांच्या पिकअपची पट्टी त्या सकाळी मी वाचली होती. गाडी रिकामी उभी असताना बघा असं लिहिलंय, हे मी सांगितलं. तुम्ही विचारलंत, कारण मी शिकलेला होतो, आणि तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. चूक माझी होती. ती तुम्ही सगळ्यांसमोर स्वतःच्या नावावर घेतलीत, आणि काकांचं चालवणं सुटता सुटता राहिलं, त्याचं श्रेय मला दिलंत. त्या वेळी मी बोलायला तोंड उघडलं, तेव्हा तुम्ही मला तेल आणायला पाठवलंत. पुढेही दोनदा मी विषय काढला, तर तुम्ही चहा सांगितलात. आता तुम्ही मला थांबवू शकत नाही, कारण मी इथे पुण्यात आहे.

तुमचा नियम चुकला नव्हता. इंजिनाच्या तेलासाठी तो आजही बरोबर आहे आणि मी इथे माझ्या वर्गात तसाच शिकवतो, तुमचं नाव घेऊन.

भिंतीवर लावायला वेगळा कागद जोडला आहे, त्यात फक्त पद्धत आहे. हे पत्र मात्र सगळ्यांना एकत्र बसवून वाचून दाखवा. मधलं काही गाळायचं नाही. वाचून झाल्यावर थोरला फिटर काय म्हणाला ते मला नक्की कळवा.